नळीतून उचललेले उंदीर

गुरुवारच्या बैठकीत पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी होते. डावीकडे पहिली बॅच, एप्रिल-मेमधली. उजवीकडे दुसरी, जुलै-ऑगस्टमधली. उंदरांची जात एकच, वय एकच, मेझ, म्हणजे चाचणीचा भूलभुलैया, तोच, कॅमेरा तोच, खोलीसुद्धा तीच. डाव्या आलेखात दोन प्रकारच्या पिंजऱ्यांत वाढलेल्या दोन गटांच्या भीतीतला फरक खोलीच्या दारातून दिसावा इतका मोठा होता. उजव्या आलेखात दोन्ही स्तंभ जवळपास एका उंचीचे.

सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "यातला खरा कुठला?"

पुण्यातल्या एका मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा प्रोजेक्ट असिस्टंट होते. डावीकडचा आलेख माझ्या हातचा, उजवीकडचा चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या मुलाच्या हातचा. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला तीन आठवडे लागले. ते सविस्तर लिहायचं कारण असं, की या कामावर नव्यानं येणाऱ्यांना "प्राणी सांभाळायचे, आकडे भरायचे" एवढंच सांगितलं जातं. मलाही तेवढंच सांगितलं होतं.

प्रयोग

प्राण्याला कसं वाढवलं याचा त्याच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हा जुना प्रश्न आहे. १९४७ साली कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी नोंदवलं, की त्यांच्या घरात मोकळे वाढलेले रॅट (आमच्या छोट्या उंदरांहून मोठी, वेगळी जात) पिंजऱ्यातल्या रॅटपेक्षा मेझमधली कोडी चांगली सोडवतात. १९६०च्या दशकात बर्कलीमध्ये मार्क रोझेनझ्वाइग, मॅरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की शिड्या, खेळणी आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या रॅटच्या मेंदूचं बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, जाड होतं. १९९७ मध्ये गेर्ड केम्परमन आणि फ्रेड गेज यांच्या गटानं अशाच पिंजऱ्यातल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागात, जास्त नवे न्यूरॉन (मेंदूतल्या चेतापेशी) मोजले.

आमचा प्रश्न त्याच वाटेवरचा, पण खूप लहान. दूध सुटल्यापासून सहा आठवडे भरलेल्या केजमध्ये, म्हणजे चाक-शिडी ठेवलेल्या पिंजऱ्यात, वाढलेले उंदीर कमी भित्रे होतात का, आणि तसं असेल तर त्याचा नव्या न्यूरॉनच्या संख्येशी काही मेळ लागतो का. एका बॅचमध्ये सी५७ब्लॅक६ जातीच्या २४ माद्या. माद्या अशासाठी, की नर भांडतात. बारा जणी साध्या केजमध्ये, एका केजमध्ये चार. बारा जणी मोठ्या केजमध्ये, त्याही चार-चार. तिथे फिरतं चाक, शिडी, घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या आणि पीव्हीसीची एक नळी. ती नळी मीच हार्डवेअरच्या दुकानातून आणली होती. दोन इंची पाइप कापून घेतला, कडा पॉलिश पेपरनं घासल्या, उकळत्या पाण्यातून काढला. या लेखातला सगळा घोळ त्या नळीपाशी आहे.

भीती मोजायला प्लस मेझ वापरला. जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंच, अधिकच्या चिन्हासारख्या चार पट्ट्या. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. उंदीर मधल्या चौकात ठेवायचा, खोलीबाहेर पडायचं आणि पाच मिनिटं कॅमेऱ्यावर बघायचं. उंदराला नवी जागा हुंगायची ओढ असते आणि उघड्यावर जायची धास्तीही असते. उघड्या पट्ट्यांवर तो जितका वेळ घालवेल तितका तो निर्धास्त, असं मानतात. ही चाचणी १९८५ मध्ये रॅटवर आणि १९८७ मध्ये उंदरांवर पडताळली गेली. डायझेपामसारखं चिंता कमी करणारं औषध दिलं की उघड्या पट्ट्यांवरचा वेळ वाढतो.

बाकीचं माझं काम रोजचं होतं. सकाळी ॲनिमल हाउसमध्ये जायचं, बाहेरच्या चपला बदलायच्या, कोट-मास्क-हातमोजे चढवायचे, तापमान आणि आर्द्रता लिहायची. दिवे सातला लागतात, सातला विझतात. टायमर बरोबर चाललाय का ते बघायचं. आठवड्यातून एकदा केज बदलायची, प्रत्येकीला तराजूत ठेवून वजन घ्यायचं. आणि बॅच संपली की शेवटचं काम. पूर्ण भूल द्यायची, छाती उघडायची, हृदयातून आधी सलाइन आणि मग पॅराफॉर्मल्डिहाइड हे मेंदू पक्का करणारं रसायन सोडायचं, मेंदू काढून बाटलीत ठेवायचा. पहिल्या बॅचचे २४ मेंदू मी दोन दिवसांत काढले. सहा आठवडे जिचं दर मंगळवारी वजन केलं तिच्यावर हे करताना हात स्थिर ठेवावा लागतो, कारण सुई जरा हलली तर मेंदू नीट पक्का होत नाही आणि तो जीव फुकट जातो. ‘फुकट जाणं’ हा शब्द मी त्या दोन दिवसांत सतत मनाशी म्हणत होते. पुढे तो वेगळ्याच अर्थानं परत आला.

संशय

दुसऱ्या बॅचच्या वेळी मी क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवून पातळ काप काढायच्या यंत्रावर, पहिल्या बॅचचे मेंदू कापत बसले होते. प्राण्यांचं सगळं काम नव्या मुलाकडे होतं. म्हणजे बैठकीत पहिलं बोट कुठं जाणार हे उघड होतं.

पहिलं बोट खरं तर ढोलाकडे गेलं. जुलै लागला की नदीकाठी पथकांचा सराव सुरू होतो, आणि आमची इमारत तिथून फार लांब नव्हती. मला स्वतःला ते कारण फार पटलं होतं. उंदराचे कान साधारण एक किलोहर्ट्झच्या वरचे, पार ऐंशी-नव्वद किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज टिपतात, त्यामुळे ढोलाचा घुमारा त्यांना आपल्यासारखा ऐकू येत नसेल. पण ताशाचा कडकडाट वरच्या पट्टीतला, आणि रॅकला हादरे बसत असतील तर ते पायांना कळणारच. एकानं सुचवलं, की दुसरी बॅच आवाजामुळे बाद धरावी आणि शोधनिबंधात तशी एक ओळ टाकावी. डिसेंबरमध्ये निधी देणाऱ्यांना प्रकल्पाचा अहवाल जायचा होता. ती एक ओळ सगळ्यांनाच सोयीची होती.

मग बोट मुलाकडे वळलं. यात आकस कुणाचाच नव्हता. सरांनी २०१४ चा मॉन्ट्रियलमधल्या मॅकगिल विद्यापीठाचा अभ्यास काढून दाखवला. जेफ्री मोगिल यांच्या गटाला आढळलं होतं, की प्रयोग करणारा पुरुष असला की उंदीर-रॅट तणावाखाली येतात आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. नुसता पुरुषानं घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तसंच होतं. पहिल्या बॅचला हात लावणारी मी बाई, दुसऱ्या बॅचला तो. सरळ उत्तर वाटत होतं.

त्याला सांगितलं गेलं, की काही दिवस केजच्या खोलीत जाऊ नकोस. तो काही बोलला नाही. त्या आठवड्यात मी त्याला तीन-चार वेळा वॉशबेसिनपाशी कोपरापर्यंत हात धुताना पाहिलं. त्याच्या जागी मी असते तर इतकी शांत राहिले नसते.

दोन आलेख एका कागदावर

पुढच्या मंगळवारी तोच माझ्या टेबलापाशी आला. दोन्ही आलेखांचे चार स्तंभ त्यानं एका कागदावर, एकाच मापात काढले होते.

"ताई, साध्या केजवाल्या दोन्ही बॅचमध्ये सारख्याच आहेत. माझ्या वासानं घाबरल्या असत्या तर त्यापण घाबरायला हव्या होत्या ना?"

आम्ही सगळे गटांमधल्या फरकाकडे बघत होतो. चार स्तंभ वेगवेगळे कुणीच पाहिले नव्हते. साध्या केजमधल्या माद्या मे महिन्यात जितक्या भित्र्या होत्या तितक्याच ऑगस्टमध्ये. बदलल्या होत्या फक्त भरलेल्या केजमधल्या. पुरुषाचा वास, ढोल, पावसाळी दमट हवा, यातलं काहीही असतं तर ते दोन्ही गटांवर उतरलं असतं. एकाच गटावर उतरेल असं काय होतं?

मी चाकं तपासली, शिड्या मोजल्या, खेळणी बदलल्याच्या नोंदी जुळवल्या. सगळं यादीप्रमाणे. केजचे फोटोही सारखे.

शुक्रवारी ॲनिमल हाउसमधल्या काकांशी बोलत होते. त्यांची तिथे वीसेक वर्षं गेली आहेत आणि केजला ते पेटी म्हणतात. मी विचारलं, मोठ्या पेट्यांचं काम याच्याकडे गेल्यावर काही वेगळं दिसलं का.

"वेगळं म्हणजे वेळ लागतो त्याला. तुम्ही नळी वर घेतली की उंदीर आपसूक नळीत असायचा, तसाच तराजूत ओतायचा. पाच मिनिटांत पेटी व्हायची. हे पोरगं शेपट्या धरत बसतंय. त्या खेळण्यांमागं लपतात, मग हा परत शोधतो."

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी सांगितलेलं मला पूर्ण माहीत होतं, आणि तरी ते मला आजवर कधी दिसलं नव्हतं.

भरलेल्या केजमध्ये नळी होती. उंदीर नळीत शिरून बसतो, त्याला शेपटीनं ओढून काढण्यापेक्षा नळीसकट उचलणं सोपं. पहिल्या आठवड्यापासून मी तेच करत होते, दर मंगळवारी, आणि मेझच्या दिवशीही. साध्या केजमध्ये नळीच नव्हती. तिथे मी नियमाप्रमाणे शेपटीच्या मुळाशी धरून उचलत होते. म्हणजे माझ्या दोन गटांमध्ये दोन फरक होते: केज, आणि माझा हात. दुसऱ्या बॅचमध्ये त्या मुलानं सगळ्या चोवीस जणींना शेपटीनंच उचललं, कारण आमच्या कार्यपद्धतीच्या फाइलमध्ये तसं लिहिलं होतं. त्यानं नियम पाळला होता. मी मोडला होता, आणि मोडतेय हे मला कळलंही नव्हतं.

कच्चे व्हिडिओ

आठवणीवर विश्वास ठेवायचा नव्हता. आमचं सॉफ्टवेअर हात चौकटीबाहेर गेल्यावर मोजायला सुरुवात करतं, म्हणून आम्ही आधीचे काही सेकंद कधी बघतच नसू. मूळ व्हिडिओत मात्र ते होते. त्या रात्री मी अठ्ठेचाळीस व्हिडिओंची फक्त सुरुवात पाहिली. पहिल्या बॅचमध्ये बारा वेळा वरून पांढरी नळी येते, तिरकी होते, आणि उंदीर घसरत चौकात उतरतो. क्षणभर थांबून मिशा हलवतो आणि निघतो. बारा वेळा हातमोजा येतो, शेपटीला लोंबणारा उंदीर टेकवला जातो, आणि तो सुटताक्षणी भिंतींच्या आड पळतो. दुसऱ्या बॅचमध्ये चोवीसही वेळा हातमोजा.

मग वजनाची वही काढली. शेऱ्याच्या रकान्यात मी पहिल्या बॅचला लिहिलं होतं: साध्या केजवाल्या तराजूत बहुतेक वेळा लेंड्या टाकतात, मूततात, भरलेल्या केजवाल्या क्वचित. शेजारी पेन्सिलीनं "परिणाम दिसतोय!" असं उद्गारचिन्हासह. तो परिणाम उचलण्याचा होता.

याबद्दल वाचायला काहीच नव्हतं असंही नाही. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्येच दाखवून दिलं होतं, की शेपटीनं उचललेले उंदीर हाताला टाळतात, जास्त मूततात आणि प्लस मेझमध्ये उघड्यावर कमी जातात. नळीतून किंवा दोन्ही हातांच्या ओंजळीतून उचललेले उंदीर माणसाजवळ येतात आणि कमी चिंताग्रस्त दिसतात. तो निबंध मी एम.एस्सी.ला असताना वाचलेला होता. प्राण्यांच्या कल्याणाचा निबंध म्हणून तो डोक्यात एका कप्प्यात गेला, आणि माझा प्रयोग दुसऱ्या कप्प्यात.

१९९९ चा जॉन क्रॅब, डग्लस वाह्लस्टन आणि ब्रूस डुडेक यांचा अभ्यास तर या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड इथल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच आठ वाणांचे उंदीर, तीच उपकरणं, तीच वेळापत्रकं घेऊन चाचण्या केल्या, तरी काही निकाल प्रयोगशाळेगणिक बदलले, आणि प्लस मेझ त्यात होता. एडमंटनमध्ये चाचण्या घेणाऱ्या व्यक्तीला उंदरांची ॲलर्जी होती म्हणून ती श्वसनयंत्र घालून काम करायची, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. वर्गात हे ऐकताना आम्हाला गंमत वाटली होती. प्रयोग करणारा माणूस हाही उपकरणाचा भाग असतो, हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचली. १९६३ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी बारा विद्यार्थ्यांना रॅट दिले. निम्म्यांना सांगितलं तुमचे हुशार पैदाशीचे आहेत, निम्म्यांना सांगितलं मठ्ठ पैदाशीचे. रॅट सगळे सारखेच होते. तरी ‘हुशार’ रॅट मेझमध्ये सरस ठरले, आणि ते सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपण त्यांना जास्त वेळा, जास्त हळुवारपणे हाताळल्याचं सांगितलं. माझ्या बाबतीत नळी ही निव्वळ सोय होती का? की चाकावर पळणाऱ्या, शिडीवर चढणाऱ्या त्या बारा जणी मला जास्त आवडत होत्या, आणि त्यांना शेपटीनं धरावंसं वाटत नव्हतं? मी हे स्वतःला बऱ्याच वेळा विचारलं आहे. दोन्ही खरं असावं.

शुक्रवार ते सोमवार

मला शुक्रवारी रात्री कळलं. मी सोमवारी सांगितलं.

मधले दोन दिवस मी गप्प होते, आणि या प्रकरणातला माझा सगळ्यात मोठा दोष मी तो मानते. नळीची चूक अजाणता झाली. गप्प राहणं जाणून होतं. पहिल्या बॅचवर माझं नाव असलेला पहिला निबंध उभा राहणार होता, पीएच.डी.च्या अर्जांसाठी मला तो हवा होता. ढोलाची ती एक ओळ अजून टेबलावर होती. मी काही बोलले नसते तर कुणी कच्चे व्हिडिओ उघडले नसते. आणि तो मुलगा त्या दोन दिवसांत, माझ्यामुळे, खोलीबाहेर होता. रविवारी दुपारी त्याचा मेसेज आला: मंगळवारच्या केज बदलायला काकांना मदत कोण करणार, त्याला येता येईल का. त्या मेसेजनंतर मला पुढे गप्प बसता आलं नाही.

सोमवारी सरांसमोर लॅपटॉप ठेवला आणि दोन्ही बॅचचे सुरुवातीचे सेकंद एकापाठोपाठ लावले. त्यांनी दोनदा पाहिले. मग कपाटातून कार्यपद्धतीची फाइल काढली आणि ‘शेपटीच्या मुळाशी धरून उचलावे’ या ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ मी लिहिली आहे. माझ्या जुन्या लॅबमधून उचललेली. २०१० नंतर ती बदलायला हवी होती, आणि केजमध्ये नळी घातली तेव्हा तर हा प्रश्न मीच विचारायला हवा होता."

त्यांनी त्या मुलाला लगेच बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. मीही मागितली. तो म्हणाला, "म्हणजे मी हात एवढे धुवायची गरज नव्हती." एवढंच. मग त्यानं विचारलं, की पुढच्या बॅचला नळ्या कोण कापणार.

समितीपुढे

दुसरी बॅच बाद करायची नाही आणि दोन्ही बॅच एकत्र मिसळायच्या नाहीत, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरलं. अठ्ठेचाळीस आकडे एकत्र केले असते तर मधला कुठला तरी फरक निघाला असता, आणि तो कशाचा हे सांगता आलं नसतं. प्रश्नाचं उत्तर हवं तर केज आणि उचलण्याची पद्धत वेगवेगळी करून पुन्हा बघावं लागणार होतं. म्हणजे आणखी प्राणी.

आपल्याकडे त्यासाठी परवानगी लागते. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, १९९८ चे प्रयोगांबद्दलचे नियम आहेत, आणि प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी नैतिकता समिती असते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ असतो, केंद्राचा प्रतिनिधी असतो आणि शास्त्रज्ञ नसलेला, समाजात काम करणारा एक सदस्यही असतो. मूळ फॉर्म-बीमध्ये, म्हणजे परवानगीच्या अर्जात, ४८ प्राण्यांची परवानगी होती आणि ते संपले होते. सरांनी सुधारणेचा अर्ज केला आणि कारणाच्या रकान्यात घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. मला सोबत नेलं.

बाहेरच्या शास्त्रज्ञांनी एक जास्तीची चूक दाखवली. बारा-बारा उंदीर असले तरी प्रत्येक गटात केज तीनच होत्या, आणि आम्ही तर केजचाच परिणाम मोजत होतो. एकाच केजमधल्या चार जणी एकमेकींसारख्या वागतात. त्यांना चार स्वतंत्र पुरावे धरणं चूक. म्हणजे पहिल्या बॅचचा तो लांबून दिसणारा फरक तीन विरुद्ध तीन एवढ्यावर उभा होता. हे ऐकताना मला घाम फुटला, कारण आकडेमोडही मीच केली होती.

मग त्या शास्त्रज्ञ नसलेल्या सदस्य बाईंनी विचारलं, "ह्या नव्या चाळीसचं कळलं. पहिल्या बॅचच्या चोवीसचं काय झालं मग?"

सर म्हणाले, त्यांचे मेंदू जतन केले आहेत. बाई म्हणाल्या, "ते नाही विचारत. त्यांच्यातून आपल्याला काय मिळालं, ते विचारते." खोलीत कुणाकडे पटकन उत्तर नव्हतं. मी म्हणाले, की उचलण्यानं निकाल बदलतो हे आमच्याच खोलीत, आमच्याच उंदरांवर त्यांच्यामुळे दिसलं, आणि ते निबंधात लिहू. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं, म्हणजे प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, ही प्रत्येक फॉर्मवर छापलेली असावीत तशी आम्हाला पाठ असतात. त्या बाईंच्या प्रश्नात मला दुसरं तत्त्व पहिल्यांदा नीट समजलं. बेसावधपणे केलेला प्रयोग पुन्हा करावा लागतो, आणि पुन्हा करायला पुन्हा जीव लागतात.

परवानगी मिळाली, ४० माद्यांची. अट अशी, की उचलण्याची पद्धत प्रत्येक केजच्या कार्डावर आणि रोजच्या वहीत लिहायची.

तिसरी बॅच

चार गट केले: साधी केज आणि शेपटी, साधी केज आणि नळी, भरलेली केज आणि शेपटी, भरलेली केज आणि नळी. एका केजमध्ये दोघी, म्हणजे प्रत्येक गटाला पाच केज, आणि मोजणी केजच्या सरासरीवर. साध्या केजमध्येसुद्धा नळी ठेवली, शेपटीनं उचलायच्या केजमध्येही ठेवली. म्हणजे नळी सगळ्यांकडे आहे आणि फरक फक्त उचलण्याचा. प्रत्येक गटाच्या केज मी आणि त्या मुलानं वाटून घेतल्या, त्यामुळे बाई-पुरुष हा मुद्दाही सगळीकडे विखुरला. मेझच्या दिवशी काका एकसारख्या झाकलेल्या डब्यांतून उंदीर आणून देत, डब्यावर फक्त क्रमांक. उचलायचं कसं ते क्रमांकाशेजारी लिहिलेलं, केज कुठली ते नाही. उचलणाऱ्या हातापासून उचलण्याची पद्धत लपवता येत नाही, ती मर्यादा आम्ही तशीच लिहिली.

त्या मुलाला नळीनं उचलायला मी शिकवलं. नळी उंदरासमोर जमिनीलगत धरायची, मागून हाताची हलकी आड घ्यायची, घाई करायची नाही. तो आत गेला की दोन्ही तोंडांवर तळहात सैल ठेवायचे. सुरुवातीला वेळ लागतो. दुसऱ्या आठवड्यापासून उंदीर आपणहून शिरायला लागतात, आणि मग शेपटीपेक्षा लवकर होतं. तिसऱ्या आठवड्यात एक मादी माझ्या हातातली नळी अजून केजमध्ये पूर्ण टेकलीही नव्हती तेव्हाच आत येऊन बसली.

निकाल असा: नळीनं उचललेल्या दोन्ही गटांनी उघड्या पट्ट्यांवर जास्त वेळ घालवला, केज कुठलीही असो. उचलण्याची पद्धत सारखी ठेवली की साध्या आणि भरलेल्या केजमधला फरक एवढा लहान उरला की पाच केजवरून त्याबद्दल काही म्हणणं योग्य नव्हतं. आम्ही तसंच लिहिलं. न्यूरॉनच्या मोजणीबद्दलही हात आखडता घेतला. पहिल्या बॅचमध्ये भरलेल्या केजवाल्यांचे नवे न्यूरॉन जास्त होते, पण नुसतं चाकावर पळणंही नवे न्यूरॉन वाढवतं हे गेज यांच्याच प्रयोगशाळेनं १९९९ मध्ये दाखवलं आहे, आणि वारंवार घाबरणं त्याच्या उलट दिशेनं काम करतं. केज, चाक आणि हात यांचा गुंता त्या मेंदूंमधून सुटणारा नव्हता.

निबंध लहान झाला, ज्या नियतकालिकात मला हवा होता तिथे गेला नाही, आणि निघायला वर्षभर उशीर झाला. पद्धतीच्या विभागात उचलण्याबद्दल चार ओळी आहेत. त्या माझ्या आहेत. त्या मुलाचं नाव लेखकांत आहे आणि काकांचं आभारांत. काकांचं लेखकांतच हवं होतं असं मला अजून वाटतं. मी ते मांडलं, नियमात बसत नाही म्हणून मानलं गेलं नाही.

कार्यपद्धतीची ती ओळ बदलली. आता प्रत्येक केजमध्ये नळी असते, प्रयोग कुठलाही असो. वजनाच्या वहीत ‘कोणी उचललं’ आणि ‘कसं उचललं’ असे दोन रकाने वाढले, आणि आम्ही सगळ्या व्हिडिओंचे पहिले दहा सेकंद न कापता बघायला लागलो.

नोकरी सोडायच्या आधीच्या आठवड्यात मी प्राण्यांच्या नोंदवहीतली जुनी पानं पुरी करत होते. पहिल्या बॅचच्या २४ क्रमांकांसमोर शेऱ्याचा रकाना रिकामा राहिला होता. तिथे मी लिहिलं: "केजच्या प्रश्नासाठी वापरता आले नाहीत. १२ नळीने, १२ शेपटीने उचललेले. यांच्यामुळे पद्धत बदलली." मग काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तारीख टाका, ताई." मी तारीख टाकली.